'सातबारा'चा 'सतबर' का होतो? जँगोतल्या फाइलींबद्दल प्रश्नोत्तरे

जँगो म्हणजे पायथन भाषेतली वेबसाइट बांधायची चौकट. नोंदणीच्या साइट बनवणाऱ्यांचे हे प्रश्न.

वरूड : संत्रा बागायतदारांच्या नोंदणीत फोटो निवडला तरी 'फोटो आवश्यक आहे' असंच येतं.

फॉर्मच्या टॅगमध्ये एनकटाइप (माहिती कोणत्या रूपात पाठवायची ते) 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' आहे का बघा. नसेल तर ब्राउझर फाइलचं नुसतं नाव पाठवतो. व्ह्यूमध्ये, म्हणजे विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये, फॉर्मला रिक्वेस्टमधलं 'पोस्ट' देता, तसं 'फाइल्स'ही द्या. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं.

दारव्हा : शेतकरी 'सातबारा' नावाची पीडीएफ चढवतात, फोल्डरात 'सतबर' पडते. 'पीककर्ज'चं 'पककरज'! सर्व्हरला मराठी येत नाही का?

येतं, पण अर्धवट. नाव साफ करताना जँगो अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, टिंब आणि आडवी रेघ एवढंच ठेवतो. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरातला नमुना शोधायच्या पद्धतीच्या) लेखी काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरंच नाहीत, म्हणून ती गळतात. वरूडकरांचा 'संत्रा'ही 'सतर' होईल.

फाइल सापडते, कारण डेटाबेसातही तेच मोडकं नाव जातं. पण 'सातबारा' तर सगळेच पाठवणार! दुसऱ्याच्या नावाला जँगो सात अक्षरांचं शेपूट जोडतो आणि फोल्डर बघून कुणाचा उतारा कोणता, काही कळत नाही. तेव्हा चढवणाऱ्यानं दिलेल्या नावानं फाइल ठेवूच नका. मॉडेलमधल्या फाइलच्या रकान्याच्या 'अपलोड टू'ला फंक्शन देऊन यूयूआयडीचं (संगणकानं बनवलेल्या, सहसा पुन्हा न येणाऱ्या ओळखक्रमांकाचं) नाव घ्या. मूळ नाव सेव्ह करण्याआधीच वेगळ्या रकान्यात टिपा. डाउनलोडच्या वेळी 'फाइल रिस्पॉन्स'ला तेच द्या, म्हणजे शेतकऱ्याला त्याचा 'सातबारा' काना-मात्रेसकट मिळतो.

समुद्रपूर : बोंडअळीचे फोटो लॅपटॉपवर चढतात, सर्व्हरवर 413 ('विनंती फार मोठी') एरर येतो.

जँगोपर्यंत विनंती पोचलीच नसेल. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा 1 एमबी असते आणि मोबाइलचा फोटो सहज 3-4 एमबीचा. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइज' 10 एमबी करा. पण वावरात रेंजची एकच दांडी असते, तिथून 4 एमबी ढकलायला लावणं बरं नाही. ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर फोटो 1280 पिक्सेलचा करून पाठवा. जवळून काढला असेल तर अळी ओळखायला तेवढा पुरतो. सर्व्हरवर पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीनं फोटो लहान करताना उभे फोटो आडवे पडले, तर आधी 'एक्झिफ ट्रान्सपोज' (फोटोतल्या दिशेच्या नोंदीनुसार तो सरळ करणारं फंक्शन) चालवा.

आमगाव : धान खरेदीच्या नोंदणीत आधारची प्रत घेतो. चढवलेल्या फाइलींच्या मीडिया फोल्डरात चालेल ना? नोंद काढली की फाइलही जाते?

दोन्ही प्रश्नांना नाही. मीडियातली फाइल सहसा वेब सर्व्हरच देतो, तो लॉगिन विचारत नाही. लिंक हाती लागली की कुणीही प्रत उघडेल. अशा प्रती मीडियाबाहेरच्या फोल्डरात ठेवा आणि लॉगिन तपासणाऱ्या व्ह्यूमधूनच द्या. आणि जँगो 1.3 पासून नोंद पुसली तरी फाइल डिस्कवर राहते. ती 'पोस्ट डिलीट' सिग्नलवर (नोंद पुसल्यावर जँगो देतो त्या सूचनेवर) काढा, पण 'ऑन कमिट'मध्ये, म्हणजे डेटाबेसचा व्यवहार पक्का झाल्यावरच. नाहीतर व्यवहार फिरला की नोंद परत येईल, फाइल येणार नाही.

त्याआधी खरेदी केंद्रावर एक विचारा: प्रत लागतेच का? शेवटच्या चार आकड्यांवर भागत असेल तर घेऊच नका.