नोटीस कॅफेवाल्याच्या मेलवर पडून राहिली

कऱ्हाडच्या एका वडिलांचे पत्र आहे. सांगलीच्या केंद्रावर जेईई मेन देताना मुलाच्या खिशात ब्लूटूथ इयरफोन सापडले. तिथेच जबाब झाला, मुलाने सही केली, आता निकाल रोखला आहे. 'एसटीत गाणी ऐकत होता, काढून ठेवायचे राहिले. फोन बाहेर माझ्याजवळ होता. मग तो ऐकणार काय?' असे ते विचारतात. अशी पत्रे दरवर्षी येतात. कधी स्मार्ट घड्याळ असते, कधी पाकिटातला कागद.

मुलगा खरे बोलतोय असे मी धरून चालतो. त्याने फरक पडत नाही. ही परीक्षा घेणाऱ्या एनटीए या राष्ट्रीय संस्थेच्या माहितीपुस्तिकेत मनाई असलेली वस्तू नुसती जवळ असणे हाच गैरप्रकार धरला आहे. ती त्या पेपरशी संबंधित असो वा नसो. आत न्यायचे ते प्रवेशपत्र, फोटो, मूळ ओळखपत्र, साधे पारदर्शक बॉलपेन आणि पाण्याची पारदर्शक बाटली. मधुमेह असेल तर साखरेच्या गोळ्या किंवा फळ. म्हणून 'वापरले नाही' एवढ्यावर सुटका मागू नका. शिक्षा किती व्हावी, यावर बोला.

ते बोलायची जागा म्हणजे नोटिशीचे उत्तर, आणि तिथेच तुम्ही घात करून घेतलात. फॉर्म नेट कॅफेत भरला, ईमेल आणि मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा दिला. सात दिवसांत खुलासा मागणारी नोटीस त्याच्या मेलवर महिनाभर पडून होती. हे दोन्ही उमेदवाराचे किंवा पालकांचेच हवेत, असे पुस्तिकेत लिहिले आहे. क्लासची फी वेळेवर भरणाऱ्या घरातून मुलाच्या नावाचा एक ईमेल उघडला जाऊ नये, याचा मला राग येतो. 'नोटीस मिळालीच नाही' हा बचाव आता फार लंगडा आहे; पत्ता तुम्हीच दिलेला.

तरी अंतिम आदेश निघालेला नाही, तोवर उत्तराला अर्थ आहे. आजच पाठवा. त्याच नोंदणीकृत मेलवरून, शिवाय स्पीड पोस्टने, मुलाच्या सहीने. उशीर का झाला ते खरे लिहा. केंद्रावर दिलेल्या जबाबाच्या विरुद्ध एक शब्दही नको. सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे, प्रत्यक्ष म्हणणे ऐकून घ्यावे आणि फोन जवळ नव्हता हे पाहून शिक्षा सौम्य ठेवावी, अशी मागणी करा. ती मान्य होईलच, असे मी सांगणार नाही.

पोलिसांची भीती तूर्त सोडा. परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी 21 जून 2024 पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे. उमेदवारावर परीक्षा संस्थेच्या नियमांनीच कारवाई व्हावी, असे त्या विधेयकाच्या उद्देशात म्हटले आहे. ग्राहक आयोगाचा नादही नको. परीक्षा घेणारे मंडळ म्हणजे सेवा पुरवणारा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितले आहे.

आदेश विरोधात गेला, तर मार्ग उच्च न्यायालयाचा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांसाठी ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापुरात बसणारे सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायला नको. अशा आदेशाविरुद्ध तिथे करायच्या अर्जाला, म्हणजे रिट याचिकेला, ठरलेली मुदत नाही, पण प्रवेशफेऱ्या तारखांसाठी थांबत नाहीत आणि उशिरा आलेल्याला न्यायालय पहिला प्रश्न उशिराचाच विचारते. आदेशाची प्रत हातात पडेल त्याच आठवड्यात वकील गाठा. आणि कॅफेवाल्याकडून त्या मेलचा पासवर्ड आज रात्रीच ताब्यात घ्या. आदेशही तिथेच येणार आहे.