सिंहाचे चित्र कोणी काढले?

प्रश्न : मध्ययुगीन इंग्रजी साहित्यात स्त्री केवळ साध्वी किंवा कुलटा एवढीच दिसते का?

उत्तर : बहुतांशी तसेच आहे, परंतु चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ या कथाकाव्यात रंगवलेली बाथ गावची ॲलिसन या चौकटीत मावत नाही. पाच लग्ने केलेली, कापड विणण्यात निष्णात असलेली ही बाई, पाचवा नवरा जँकिन दुष्ट बायकांच्या कथांचा ग्रंथ सतत वाचून दाखवतो म्हणून त्या ग्रंथाची तीन पाने फाडते आणि नवऱ्याच्या तडाख्याने एका कानाने बहिरी होते. माणूस सिंहाला मारतो असे चित्र पाहून ‘हे काढले कोणी?’ असे विचारणाऱ्या सिंहाची एक जुनी बोधकथा आहे; तिच्या आधारे सिंहाचे चित्र कोणी काढले, असे ॲलिसन विचारते, तेव्हा रोख ग्रंथ लिहिणाऱ्या पुरुषांवर असतो. अर्थात, ॲलिसनचे शब्दही पुरुषानेच लिहिलेले! स्त्रीचे स्वतःचे लेखन हवे असल्यास, १३७३मध्ये आजारपणात झालेल्या दर्शनांविषयी लिहिणारी ख्रिस्ती साधिका, नॉर्विचची ज्युलियन वाचावी.