दोन एअर रायफलींपैकी कुठलीचं बॅरल जास्त अचूक, हे रेंजवर कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नाशिकला 10 मीटर एअर रायफल शिकते. क्लबच्या दोन रायफली टेबलावर वाळूच्या पिशवीला टेकवून कुणीतरी पाच-पाच पेलेट, म्हणजे शिशाचे छर्रे, मारून पाहिल्या. एकीचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, 8 मिलिमीटर आला, दुसरीचा 10. मुलीच्या वाट्याला दुसरी आलीये आणि 'हिचं बॅरल गेलंय' असं तुम्हाला सांगितलं गेलं. तर नवीन बॅरल घ्यावं का?

नका घेऊ. निदान ज्यांच्यावर नेम मारला त्या दोन कार्डांच्या जोरावर तरी नाही.

माझं आयुष्य अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये गेलं आणि रविवार रेंजवर. टूलरूममध्ये पोरगा कामाला लागला की त्याला आधी हेच शिकवतात: पार्टवर शंका घेण्याआधी गेजवर, म्हणजे मापाच्या साधनावर घे. म्हणून आधी तुमचं माप बघू. 8 आणि 10 हे भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजलंय ना? मग त्यातून पेलेटची जाडी, म्हणजे 4.5 मिलिमीटर, वजा करा. उरले 3.5 आणि 5.5. नेमबाजीत ग्रुप असा केंद्रापासून केंद्रापर्यंत धरतात. आता तुम्ही म्हणाल, बघा, फरक तर वाढलाच, दुसरा ग्रुप पहिल्याच्या थेट दीडपट झाला! झाला. पण एकाच रायफलीने, त्याच पेलेटने, त्याच माणसाने पाच-पाचचे दोन ग्रुप मारले तरी एक दुसऱ्याच्या दीडपट निघणं ही रोजची गोष्ट आहे. अशा चार-पाच जोड्या मारा, त्यातल्या एखादीत तरी एवढा फरक दिसेल. पाच शॉटचा ग्रुप म्हणजे भाताचं एक शीत. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एकत्र शिजलेला असतो. इथे प्रत्येक शीत वेगळं शिजतं.

त्यामुळे दहा-दहा शॉटची निदान पाच कार्डं प्रत्येक रायफलीची घ्या आणि सरासरी काढा. दहाचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा साधारण पाव पटीने मोठाच येतो, तेव्हा एकीचा पाचचा आणि दुसरीचा दहाचा अशी तुलना चुकूनही करू नका. आणि एकीची पाचही कार्डं आधी उरकून मग दुसरी हातात घेऊ नका. एक कार्ड हिचं, एक तिचं, असं आलटून पालटून. मारणारा दमतो, उजेड बदलतो, सिलिंडरमधली हवा उतरते. या सगळ्याचा भार दोघींवर सारखा पडला पाहिजे. जमलं तर रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात, पक्की धरा. उभं राहून मारलेल्या कार्डांवरून बॅरल तपासायच्या फंदात तर पडूच नका. पाच किलोच्या आसपासचं ओझं, त्यात छातीतली धडधड. त्या हालचालीपुढे बरं मॅच बॅरल, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीचं, जे काही पसरवतं ते दिसतसुद्धा नाही.

आता खरी गंमत पेलेटची. एअर रायफलच्या बॅरलला झिजायला तसं कारणच नसतं. मऊ शिसं, दारू नाही, जाळ नाही, वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास. बॅरल खराब होतं ते बहुतेक वेळा माणसाच्या हातून: तोंडाकडून लोखंडी गज घालून कुणीतरी साफ करतं आणि तोंडाची कड, जिला क्राउन म्हणतात, ती खरवडते. पेलेट बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा. ती एका बाजूला खरवडली की हवा तिकडून आधी निसटते आणि पेलेटला ढकलते. भिंग लावून कड बघा. ती गोल, स्वच्छ असेल तर बॅरलवरचा अर्धा संशय काढून टाका.

पण कुठल्या बॅरलला कुठली पेलेट पटेल हे कुणी सांगू शकत नाही. डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असे पेलेटच्या डोक्याचे माप लिहिलेले असतात. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, आपल्याकडच्या ग्राइंडरवाल्याला तो रोजचा. एक्स्पोर्टची द्राक्षं पॅकहाउसमध्ये रिंग लावून मण्याच्या मापाने निवडतात, तसंच हे. आणि माप एकच असूनही लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला माल, बदलला की ग्रुप बदलतो. त्यामुळे तुमच्या त्या दोन कार्डांनी फार तर इतकं सांगितलं की त्या डब्यातली पेलेट पहिलीला पटली. बॅरलचा पैसा बाजूला ठेवा, चार-पाच प्रकारचे डबे आणा आणि दुसऱ्या रायफलीवर लावून बघा. पेलेट बदलली की आधी पाच-दहा शॉट नुसते सोडून द्यायचे, मोजायचे नाहीत.

ग्रुप उभा ताणला जात असेल, म्हणजे आडवा नीट पण वर-खाली पसरलेला, तर बॅरलकडे बघूच नका. हवेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर बघा. वेग सेकंदाला 5 मीटरने हलला तरी 10 मीटरवर पेलेट जवळजवळ 1 मिलिमीटर वर-खाली होते. तुम्हाला 1 मिलिमीटर म्हणजे काहीच वाटणार नाही, पण दशांशातल्या गुणांत दर पाव मिलिमीटरला 0.1 जातो आणि 60 शॉट असतात.

माझी फजिती सांगतो. जुनी रायफल घेतली होती, ग्रुप कधी छान, कधी फाटलेला. विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, बॅरल बदलायचं ठरवून पैसेसुद्धा जमवले. काढायला घेतली तर बॅरल धरणारा स्क्रू हातानेच फिरला. ऍलन की लावली, अर्धा फेरा. बस. तीस वर्षं फिक्स्चर, म्हणजे पार्ट घट्ट धरून ठेवायची साधनं, बनवणाऱ्या माणसाची ही गोष्ट, म्हणून ती मी रेंजवर सांगत नाही. तेव्हा तुमच्या रायफलीचे बॅरलचे आणि स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू आजच तपासा. नेम धरायची सायटही हलवून बघा.

लांब बॅरल म्हणजे अचूक, असंही कुणी सांगेल. मॅच एअर रायफलमध्ये बाहेरून दिसणारी लांब नळी पुढच्या भागात बरेचदा नुसता पोकळ जोड असतो, पुढची सायट लांब नेण्यासाठी. खरं बॅरल साधारण 42 सेंटिमीटरचं.

स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. 2024 ला पॅरिसमध्ये त्याला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळालं आणि तेव्हापासून रेंजवर पालक मला बॅरलबद्दल विचारायला लागले आहेत. त्याचा प्रकार .22 चा, म्हणजे काडतुसाच्या रायफलीचा, तिथे बॅरलची चर्चा जरा जास्त खरी आहे. दारू जळते, तोंडाशी शिसं आणि मेण साठतं. वेग 10 मीटरने इकडचा तिकडे झाला तर 50 मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर-खाली जाते, आणि तिथलं दहाचं वर्तुळच 10.4 मिलिमीटरचं. पण तिथेही मोठे नेमबाज बॅरल बदलण्याआधी रायफल क्लॅम्पमध्ये बांधून काडतुसांचे लॉट तपासतात. तुमच्या मुलीला त्याला वेळ आहे; .22 ला लायसन्सची भानगड वेगळीच.

एक राहिलं. 'तुझी रायफल वाईट' हे मुलीच्या कानावर गेलंय का? गेलं असेल तर तिचे गुण खाली येणारच, त्याला बॅरल काय करणार. क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांनी ज्या गावात राहून खेळाडूंच्या डोक्यावर काम केलं, त्या गावात हे वेगळं सांगायला नको. म्हणून पेलेट तपासताना डब्यांवर अ, ब, क अशा चिठ्ठ्या तुम्ही लावा आणि मारणाऱ्याला कळू देऊ नका कुठला डबा महागाचा आहे. कार्डाच्या मागे तारीख आणि लॉट नंबर लिहून ठेवा. पन्नास-पन्नास शॉटची कार्डं झाली की इथेच आकडे टाका, बघू.