सिलिंडरचा दाखला

पत्र:

"मावशी, सलाम. मी 29 वर्षांचा आहे. नगर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचं काम बघतो, पूर्णवेळ, मानधनावर. बायको नर्स आहे. रोज सकाळी मी संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आजचा धडा' टाकतो. आदल्या दिवशी घडलेलं काहीतरी साधंसं सांगायचं आणि त्यातून विश्वासाची एक गोष्ट काढायची. एसटी चुकली, चप्पल तुटली, दुकानदारानं जास्त सुटे दिले, असं काहीही. लोकांना फार आवडतं, दुसऱ्या मंडळ्यांतही फिरतं. मध्यंतरी ही रात्रपाळी करून आली आणि गॅस संपलेला. बुकिंग माझ्याच मोबाइलवरून होतं, मी विसरलो होतो. तिनं पातेलं आपटलं, 'देवाला तरी दिसतंय का हे' म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी येशूनं सांगितलेल्या दहा कुमारींच्या दाखल्यावर, म्हणजे बोधकथेवर, धडा लिहिला: दिव्यातलं तेल आणि आमचा सिलिंडर. खूप गाजला. रविवारी उपासनेनंतर महिला संघातल्या बायकांनी तिला विचारलं, 'काय गं, तेल भरलंस का?' तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हणते, 'आता तुझ्याशी भांडायचीही भीती वाटते, उद्या ग्रुपवर येईल.' संघातला एक मुलगाही हल्ली येत नाही. बारावीला नापास झाला, त्यात वडिलांचं पिणं, हे त्यानं मला सांगितलं होतं. मी नाव न घेता त्यावर लिहिलं होतं. पाळकसाहेब म्हणतात धडे चालू ठेव, त्यामुळे तरुण वाढलेत. पण आता प्रार्थनेला गुडघे टेकले तरी डोक्यात उद्याचा मजकूर जुळायला लागतो. माझा विश्वासच खोटा आहे का? हे सगळं बंद करू का?"

उत्तर:

सलाम. पत्र छापू का हे तुला आधी विचारलं आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले, हे वाचकांसाठी सांगून ठेवते. तुझं मूळ पत्र बरंच लांब होतं. त्यात तुझ्या मनःस्थितीवर पानंच्या पानं होती आणि त्या मुलावर दोन-तीन ओळी. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे. तू मात्र हे वाचून झाल्यावर पहिल्यांदा त्याच्याकडेच जा.

आता सिलिंडर. बुकिंग तुझ्या मोबाइलवरून होतं आणि तू विसरलास, हे तू मला लिहिलंस. धड्यात होतं का? तू मजकूर सोबत पाठवलास म्हणून विचारते, कारण मला ते त्यात सापडलं नाही. त्यात एक दमलेली बाई आहे, तिचा संताप आहे, तिच्या तोंडचं एक 'अविश्वासाचं वाक्य' आहे आणि त्या सगळ्याकडे शांतपणे बघणारा एक नवरा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात पाच कुमारी शहाण्या, दिव्यांसोबत तेल न घेतलेल्या पाच मूर्ख आणि एक वर. तेल आणायला विसरलास तू, मूर्खांत बसवलंस तिला आणि स्वतः जाऊन उभा राहिलास वराच्या जागी. बायका तिला हसल्या त्यात त्यांचा फारसा दोष नाही. दाखला तू सांगितलास तसाच त्यांना कळला.

रात्रभर वॉर्डात उभं राहून बाई घरी येते. सलाईनं बदललेली असतात, कुणाच्या तरी नातेवाइकाचं बोलणं खाल्लेलं असतं, पायांना सूज असते. ओट्यावर दुधाची पिशवी तशीच, चहाचं आधण ठेवावं तर शेगडी पेटत नाही. अशा वेळी तोंडातून जे निघतं त्याला अविश्वास म्हणायचं असेल तर स्तोत्रसंहिता निम्मी फाडून टाकावी लागेल. 88 वं स्तोत्र काढून वाच. देवा, तू मला का टाकलंस, तोंड का लपवतोस, असं सरळ विचारलंय आणि शेवटपर्यंत काही सुटत नाही. स्तोत्र संपतं तेही अंधारातच. ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी गाळलेलं नाही. तुझी बायको त्या स्तोत्रकर्त्यापेक्षा सौम्य बोलली.

माझे वडील पाळक होते. माणूस प्रेमळ, संदेश ऐकायला शेजारच्या गावांहून लोक येत. लहानपणी मी संडे स्कूलच्या दानातले पैसे बोरं घ्यायला वापरले आणि रात्री रडत त्यांना सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले. आणि रविवारी पुलपिटावरून तोच प्रसंग सांगितला, मोठ्या मायेनं, 'आमच्या घरातलं एक कोकरू' म्हणून. सगळी मंडळी माझ्याकडे वळून हसली. संदेश क्षमेवर होता. त्यानंतर कॉलेजात जाईपर्यंत मी वडिलांना मनातलं काही सांगितलं नाही. ते गेले तोवर त्यांना याचं कारण उमगलं नव्हतं, आणि मीही सांगायला गेले नाही. तुझी बायको निदान तोंडावर बोलली. ते तुझं नशीब समज.

तू म्हणशील, संदेष्टा होशेय नव्हता का? बायको बेइमान निघाली आणि त्याचा तर अख्खा संसारच संदेश झाला. खरंय. पण होशेयाला देवानं सांगितलं होतं. तुझ्या ग्रुपचा अ‍ॅडमिन तूच आहेस.

रोजच्या जगण्यात देव दिसणं यात वाईट काही नाही. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं याची साक्ष द्यायची आपल्याकडे रीत आहे, ती मला मोडायची नाही. तुझ्याच नगरात एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि कीर्तनाइतकं रोजच्या जगण्याला चिकटलेलं दुसरं काय आहे? पण कीर्तनकार आख्यान लावतो ते शास्त्रातलं. मध्ये हसवायला गावातला माणूस आणतो तेव्हा 'एक गृहस्थ होते' एवढंच सांगतो आणि चिमटा बहुतेक वेळा स्वतःलाच काढतो. येशूनंही 'एका मनुष्याला दोन मुलगे होते' असंच सांगितलं. कुठल्या गावचा मनुष्य, कोणाचे मुलगे, ऐकणाऱ्या कोणाला घरी जाऊन तपासता आलं नाही.

आणि घरातलं सांगायचंच असेल तर कोणी सांगावं? ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचा विक्षिप्तपणा, राग, हातातला पैसा वाटून टाकणं, हे सगळं आज आपल्याला घरच्यासारखं ठाऊक आहे. ते टिळकांनी सांगितलं म्हणून नव्हे. टिळक 1919 साली गेले. पुढं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त आठवणी लिहिल्या, स्वतःच्या बाजूनं, आणि हसण्याची पाळी आली तिथं स्वतःलाही सोडलं नाही. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बाईवर काय कोसळलं, ती पाच वर्षं कशी गेली आणि मग 1900 साली ती स्वतःच्या पायांनी कशी आली, हे टिळकांनी 'धडा' म्हणून सांगितलं असतं तर त्यात लक्ष्मीबाई किती उरल्या असत्या, सांग बरं. तुझ्या बायकोला त्या सकाळबद्दल काय वाटलं, हे तू अजून विचारलेलं नाहीस. निदान पत्रात तरी नाही.

विश्वास खोटा आहे का, हा तुझा प्रश्न. खोटा वाटत नाही मला. खोट्या विश्वासाचा माणूस गुडघे टेकल्यावर डोक्यात मजकूर आला म्हणून घाबरत नाही, तो टिपून घेतो. तुला लागलीय ती सवय. माणूस समोर आला की तो दिसायच्या आधी त्याचा उपयोग दिसतो. एसटी चुकली तर चिडायचं, घाम पुसायचा, पुढची कधी आहे ते विचारायचं. तुझं मन मात्र तेवढ्यात 'प्रभूची वेळ आणि आपली वेळ' असा मथळा करून मोकळं होतं. सेवेतल्या पुष्कळांना हे होतं. पाळकांना होतं, शिक्षकांना होतं, आणि सल्ला देणाऱ्या बायकांना तर होतंच होतं.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायात याईराची मुलगी आहे, बारा वर्षांची, मेली म्हणून घरात आकांत चाललेला. तू यावर संघात नक्की बोलला असशील. 'भिऊ नको, विश्वास मात्र धर' हे आपलं सगळ्यांचं आवडतं वचन. त्याच्या पुढचं वाच. येशू हसणाऱ्या, आकांत करणाऱ्या सगळ्यांना बाहेर काढतो. आत घेतो फक्त आईबापांना आणि सोबतच्या तिघांना. मुलगी उठते, चालायला लागते. आणि एवढं झाल्यावर तो दोनच गोष्टी सांगतो: हे कोणाला कळू देऊ नका आणि हिला खायला द्या. बाहेर गर्दी तयार उभी होती. त्या आठवड्याचाच काय, वर्षभराचा संदेश हातात होता. तो मुलीच्या पोटाकडे बघत होता. पुढं मार्कानं ते लिहिलं, हे मान्य. पण त्या मुलीचं नाव आजतागायत कोणाला माहीत नाही. मला विचारशील तर त्या सकाळी तुझ्या घरी करण्यासारखं एकच सेवाकार्य होतं: शेजाऱ्यांच्या शेगडीवर दूध तापवून आणायचं.

आता करायचं काय.

'आजचा धडा' बंद कर. कायमचा नको म्हणत, पण बराच काळ. ग्रुपवर निरोपाचं भाषण नको, 'प्रभूनं मला थांबायला सांगितलंय' असलं तर मुळीच नको. तो पुन्हा एक धडाच होईल. त्याजागी रोज एक स्तोत्र. तू वाचायचं नाहीस. संघातला एकेक मुलगा, एकेक मुलगी आपल्या आवाजात वाचून पाठवेल. स्तोत्रं 150 आहेत, पाच महिने निघतील. 119 वं आलं की वाटून द्या, त्याला 176 वचनं आहेत, एकट्याच्या गळ्यात घालू नका. आणि 88 वं होईल त्या दिवशी त्याच्याखाली 'म्हणून तरुणांनो' असं काही जोडू नकोस. राहू दे तसंच.

पाळकसाहेब विचारतील. त्यांना बायकोचं काही सांगू नको. 'घरात माझ्याकडून चूक झालीय आणि ती मी ग्रुपवर लिहिली, म्हणून थांबतोय,' एवढं पुरे. तरुण वाढलेत ते तुझ्या धड्यांमुळे की संध्याकाळच्या क्रिकेटमुळे आणि नाताळच्या कॅरल फेरीमुळे, हे पाच महिन्यांत आपोआप कळेल. मला वाटतं क्रिकेट. ते बंद पडू देऊ नको.

प्रार्थनेच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. मजकूर डोक्यात येईल तो येऊ दे, त्याच्याशी झटापट करू नको. फक्त उठल्यावर लिहून ठेवू नकोस.

बायकोची माफी घरात मागायची. ग्रुपवर नाही, पुलपिटावरून नाही, स्टेटसला तिचा फोटो आणि 'गुणवान स्त्री कोणाला मिळते' हे नीतिसूत्रांतलं वचन टाकून तर नाहीच नाही. 'मी सिलिंडर विसरलो आणि दोष तुझ्यावर घातला' असं सरळ म्हण. पुढं 'पण माझा हेतू' म्हणून वाक्य सुरू झालं तर जीभ चाव. ती लगेच विरघळेल असं मी सांगत नाही. तिला वेळ लागेल, आणि तिनं गप्प राहायचं ठरवलं तर तो तिचा हक्क आहे. जुन्या धड्याचं काय करायचं, हे तिला विचार. तिच्याबद्दलचं आहे, ती ठरवेल. महिला संघाच्या बायकांना मात्र तूच जाऊन सांग की सिलिंडर तुझ्यामुळे संपला होता. तिच्या वाट्याला आलेलं हसू तुझ्याकडे वळलं तर वळू दे. आणि बुकिंगची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिही, देवाच्या भरवशावर सोडू नको.

पुढं कधी पुन्हा लिहावंसं वाटलं तर स्वतःचं लिही. दुसऱ्या कोणाचं पाऊल त्यात पडत असेल तर आधी त्याला वाचून दाखव, आणि तो 'हो' म्हणताना क्षणभर अडखळला तर ते 'नाही' धर.

राहिला तो मुलगा. नाव घेतलं नाही, असं तू दोनदा लिहिलंस. पंचवीस-तीस पोरांचा संघ, त्यात बारावीला नापास झालेला आणि ज्याचे वडील पितात असा एकच. नाव घ्यायची गरज काय होती? त्यानं ते तुला सांगितलं कारण घरी सांगायला कोणी नव्हतं. आता संघातही नाही. बायकोच्या बाबतीत तू नवरा म्हणून चुकलास. इथं प्रकरण त्याहून जड आहे. विश्वासानं सोपवलेलं तू चारचौघांत उघडं केलंस.

त्याच्याकडे एकटाच जा, पाळकसाहेबांना किंवा मंडळीच्या वडीलजनांना सोबत घेऊन नको. वडील घरी असतील तर बाहेर टपरीवर ने. 'तू सांगितलेलं मी लिहायला नको होतं, माझं चुकलं' एवढंच बोल. प्रार्थना करूया का, असं त्याला विचारू नकोस; तो तुझ्या भिडेखातर हो म्हणेल. संघात परत ये, असंही म्हणू नको. कुठल्या विषयात राहिला ते विचार. बोर्डाची पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास असते, फॉर्म त्याच्या कॉलेजातूनच भरावा लागतो, आणि फीसाठी घरी हात पसरायची त्याची तयारी नसेल. फिजिक्स-मॅथ्स असेल तर संघात बीएस्सी झालेलं कोणीतरी असेलच. शिकवायला तू बसू नकोस, त्याला विचारून त्यांची गाठ घालून दे. आणि घरी अभ्यासाला जागा नसेल तर मंडळीच्या हॉलची किल्ली संध्याकाळी कोणाकडे असते, ते आजच चौकशी करून ठेव.