बिल्डरकडून सुविधांचा पैसा: दर कसा बसवतात?

प्रश्न : सोलापूरच्या हद्दवाढ भागात घरं आधी उठतात, रस्ता-ड्रेनेज मागाहून येतं. नगररचनेच्या प्रकल्पासाठी मी इंग्लंडमधल्या पायाभूत सुविधा आकारणीचा, म्हणजे नव्या बांधकामावर सुविधांसाठी बिल्डरकडून घेतल्या जाणाऱ्या रकमेचा (Community Infrastructure Levy) अभ्यास करतोय. तिथली कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, ती लागू कशी करते?

उत्तर : आधार २००८ चा नियोजन कायदा आणि २०१० ची नियमावली. आधी सुविधांच्या खर्चातली तूट दाखवावी लागते, ते सोपं. खरी मेहनत परवडण्याच्या हिशेबात आहे. विक्रीकिमतीतून बांधकामखर्च, नफा आणि जमिनीची किंमत वजा करा. उरेल त्यातूनच आकारणी निघते. दर मात्र त्या काठावर नेऊन ठेवू नका, बाजार जरा घसरला की कामं अडतात. पुढे मसुदा, हरकती, स्वतंत्र परीक्षकाची तपासणी आणि कौन्सिलचा ठराव.

आकारणी निव्वळ वाढीव क्षेत्रावर होते. ३०० चौरस मीटरची शेड पाडून १,२०० बांधले, तर ९०० वर. चौरस मीटरला ८० पौंड धरले तर ७२,००० पौंड, बांधकाम-किमतींच्या निर्देशांकानुसार होणारी वाढ वेगळी. ही वजावट हवी तर शेड परवानगीआधीच्या ३ वर्षांत सलग ६ महिने कायदेशीर वापरात असावी लागते. भाडेपावत्या, वीजबिलं जपलेली नसली की इथंच घोळ होतो. काम सुरू करण्याची नोटीस कौन्सिलला द्यायची चुकली तर आकारणी हप्त्यांनी भरण्याची सोयही जाते.

तुलना करताना एक लक्षात ठेवा: आपलं विकास शुल्क रेडी रेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) टक्केवारीत असतं, म्हणून दोन्ही आकडे आधी चौरस मीटरवर आणा.