हॅकिंटॉश करायच्या आधी हे वाच भावा

नवी पेठेतनं पार्ट आणून मशीन जोडालास, चांगलंय, पण त्यात मॅकओएस (अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरची सिस्टिम) टाकलं, म्हणजे हॅकिंटॉश केलं, तर चालतंय का विचारलास ना, तर सरळ सांगतो, चालतंय पण चालवायची परवानगी नाही. इन्स्टॉल करताना आपण न वाचता अ‍ॅग्री दाबतो ना, त्यातच लिहिलंय की फक्त अ‍ॅपल ब्रँडच्या कॉम्प्युटरवरच टाकायचं. फुकट डाउनलोड होतंय म्हणजे आपलं झालं असं नस्तंय बे. सिस्टिममध्ये 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स' (म्हणजे मॅकओएस चोरू नका) नावाची फाइल पण ठेवलीय त्यांनी, एवढं तोंडावर सांगितलंय!

आता घरी स्वतःपुरतं शिकायला टाकलास तर लायसन मोडतंयच, पण त्यासाठी पोलीस दारात आलेले मी तरी ऐकलं नाही. विकायचा विचार मात्र डोक्यातनं काढ. अमेरिकेत सायस्टार म्हणून कंपनी होती, ती मॅकओएसच्या विकत घेतलेल्या कॉप्या सोबत देऊन साधे पीसी विकायची, तरी २००९ ला कोर्टात हरली आणि २०११ ला अपिलात पण. पैसे देऊन घेतलंय हे कारण तिथं चाललं नाही, कारण कॉपी करणं आणि दुसऱ्या मशीनवर चालू नये म्हणून अ‍ॅपलनं घातलेलं लॉक तोडणं हे दोन्ही कॉपीराइटमध्ये अडकतंय.

चादरीच्या डिझाइनचं काम पार्टीला बिल लावून करणार असशील तर सेकंडहँड एम१ मॅक मिनी (अ‍ॅपलच्याच एम१ चिपचा छोटा कॉम्प्युटर) बघ. तसंही इंटेल प्रोसेसरवर चालणारं शेवटचं मॅकओएस म्हणजे २०२५ चं टाहो, पुढचं तुझ्या मशीनवर येणारच नाही. नुसतं शिकायचंय तर लिनक्स ही फुकट सिस्टिम टाक की, कुणाला विचारायची गरज नाही.