‘रूमशाम’मधलं रूम कुठलं?

प्रश्न असा आहे : जुन्या मराठीत ‘रूमशाम’ भेटतं, त्यातलं रूम म्हणजे इटलीतलं रोम का? तसं असेल तर ‘रूमी’ म्हणवणारे तोफा ओतणारे तुर्क कसे?

शब्द रोमचाच, गाव मात्र दुसरं. शाम म्हणजे सीरिया, ते सोपं आहे. रूमसाठी इ. स. 330 पर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षी सम्राट कॉन्स्टंटाइनने बॉस्फरसच्या काठी नवी राजधानी थाटली, कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. 476 मध्ये पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य आटोपलं, पूर्वेकडचं पुढे जवळजवळ हजार वर्षं चाललं. तिथली माणसं ग्रीक बोलायची आणि स्वतःला रोमन म्हणवायची. अरबांनी तेच नाव उचललं : रूम. या पूर्वेकडच्या राज्याला ‘बायझंटाइन’ हे नाव रुळवण्याची सुरुवात केली ती हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने, 1557 मध्ये. म्हणजे राज्य बुडून शंभर वर्षं झाल्यावर बारसं!

1071 नंतर अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, सेल्जुक घराण्याचे तुर्क पसरले. मुलूख रूमचा, म्हणून त्यांची सल्तनतही रूमची. सूफी कवी मौलाना जलालुद्दीन मूळचे अफगाणिस्तानातल्या बाल्खकडचे, पण आयुष्य अनातोलियातल्या कोन्यात गेलं म्हणून ‘रूमी’. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर उस्मानी (ऑटोमन) तुर्कांचा सुलतान दुसरा महंमद तर स्वतःला ‘कैसर-ए-रूम’, म्हणजे रूमचा सम्राट, म्हणवू लागला. तेव्हा 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेल्या, आज विजापुरात असलेल्या मुलूखमैदान तोफेवर कारागिराचं नाव ‘महंमद बिन हसन रूमी’ दिसलं, तर त्याला इटलीत शोधू नये. तो तुर्की मुलखाकडचा.

मग पोपच्या बाजूचे युरोपीय? त्यांना अरबांनी फ्रँक लोकांवरून वेगळं नाव दिलं, त्याचंच आपलं ‘फिरंगी’. म्हणजे खुद्द रोम शहरातला माणूस या हिशेबाने फिरंगी ठरतो आणि इस्तंबूलचा रूमी! इटलीतलं ‘रोम’ आपल्याकडे नंतर, युरोपीयांच्या तोंडून आलं. भाषांतर करताना म्हणून ‘रूमी’चं सरसकट ‘रोमन’ करणं मला चूकच वाटतं.

अजून पटत नसेल तर काष्ठौषधीच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ मागा. पिवळसर, काचेसारखे दाणे मिळतील. चावल्यावर आधी चुरा होतो, मग चिकट गोळा. हा डिंक ग्रीसच्या खिऑस बेटावरचा. ते बेट 1566 पासून साडेतीन शतकं उस्मानी ताब्यात होतं.